गाव मागच्या बाजूने बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. बदलीचं गाव दोन संध्याकाळींत बघून संपलं, एक मोठा रस्ता, एक चौक, चार कार्यालयं, की झालं, असं तू लिहिलंयस. पुढच्याच ओळीत घरमालकांची जुनी सायकल जिन्याखाली पडून असल्याचा उल्लेख आहे, आणि त्याखाली वेळ जात नाही ही तक्रार. या तिन्ही गोष्टी एका पानावर वाचल्या आणि मला राहवेना. म्हणून हातातली कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय. पत्र लांबेल. सावकाश वाच, पण सायकलमध्ये हवा मात्र आजच भर.

तू बघितलास तो रस्ता. गाव अजून बघायचंय.

मोठ्या रस्त्यावरची घरं रस्त्याकडे तोंड करून, आवरून-सावरून उभी असतात. पाट्या, रंग, काचा, दिवे, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून लावलेलं. म्हणूनच एका गावाचा मुख्य रस्ता दुसऱ्या गावाच्या मुख्य रस्त्यासारखा दिसतो. तीच घरं मागच्या बोळातून बघ. तिथे कुणी काही दाखवायला ठेवलेलं नसतं. गंजलेले पाइप, वाळत घातलेले कपडे, विटांनी बुजवलेली खिडकी, वरच्या मजल्यावर उघडणारं पण खाली जिना नसलेलं दार. त्या दाराला कधीतरी जिना होता, कुणीतरी त्यावरून रोज खालीवर करत होतं, मग घराची वाटणी झाली असेल किंवा जिना पडला असेल. मला अशी दारं फार आवडतात. घराने काय काय सोसलंय ते समोरून कळत नाही, मागून कळतं.

पायऱ्यांकडे नीट बघत जा. रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा नाहीतर काँक्रीटचा नवा थर पडतो, आणि जुनं न खरवडता वरच ओतलं तर रस्ता हळूहळू वर येत जातो. घर मात्र आहे तिथेच राहतं. त्यामुळे जुन्या घरांच्या पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली जातात आणि शेवटी दाराचा उंबरा रस्त्याच्या खाली दिसायला लागतो. बोळात शिरल्यावर कुठलं घर आधीचं आणि कुठलं नंतरचं याचा पहिला अंदाज मी उंबऱ्यावरून बांधतो. नेहमीच बरोबर येतो असं नाही, कारण काही घरं मुळातच खोलगट जागी बांधलेली असतात. पण विचारायला एक प्रश्न तरी हाती लागतो, आणि कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं सुरू करायला तेवढा पुरतो.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे वळणं. नव्याने आखलेला रस्ता पट्टीने ओढल्यासारखा सरळ जातो. जुना बोळ मात्र उगाच वळत नाही. तो कशाला तरी वळसा घालत असतो: विहीर, मोठं झाड, ओढा, कुणाच्या तरी शेताचा बांध. पुढे विहीर बुजते, झाड पडतं, ओढ्यावर फरशी पडते, शेतात घरं उभी राहतात, आणि वळण तसंच राहतं, कारण तोवर दोन्ही बाजूंच्या भिंती त्या वळणाला धरून बांधून झालेल्या असतात. एखादा बोळ काहीही कारण नसताना डावीकडे झुकून पुन्हा उजवीकडे आला, तर थांब आणि तिथे पूर्वी काय होतं ते विचार. मला या प्रश्नावर कधी पाणवठा, कधी जुनी वेस, तर कधी नुसतंच हसू मिळालंय.

आता सायकलच का, ते सांगतो. पायी फिरण्याला माझा विरोध नाही, काही बोळ पायीच बघावेत इतके अरुंद असतात. पण हिशेब बघ. माणूस तासाला सुमारे पाच किलोमीटर चालतो. आरामात सायकल मारली तर पंधरा होतात, आणि किलोमीटरमागे श्रम चालण्यापेक्षा बरेच कमी. म्हणजे अर्ध्या तासात तू घरापासून तिप्पट लांब जाऊ शकतोस, आणि अंतर तिप्पट झालं की आवाक्यातला परिसर नऊपट होतो. संध्याकाळी कामावरून आल्यावर अंधार पडेपर्यंत जेवढा वेळ उरतो, त्यात पायी एखादी वस्ती होते. सायकलवर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन, मध्ये दहा ठिकाणी रेंगाळून परत येता येतं.

मोटारसायकलचंही सांगतो, कारण तू तेच म्हणशील. ती बोळात शिरली की आवाज आधी पोचतो. दारं लोटली जातात, मुलं बाजूला पळतात, बोलणं थांबतं. सायकल आली तरी जे चाललंय ते चालू राहतं. शिवाय बोळ पुढे बंद निघाला तर मागचं चाक उचलून जागच्या जागी फिरवता येतं, पायऱ्या आल्या तर खांद्यावर घेता येते. आणि कान मोकळे राहतात. पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक दोन्ही भिंतींवर आपटून ऐकू येते, आणि बोळ पुढे रुंद होणार असला की तो आवाज एकदम पातळ होतो. वळणाच्या आधीच कानाला कळतं की पुढे मोकळी जागा आहे.

चढउताराचं तर विचारूच नको. गाव सपाट आहे असं तू लिहिलंयस. कुठलंच गाव सपाट नसतं, गुडघ्यांना विचार. शंभर मीटरमागे एक मीटर चढ डोळ्यांना दिसतही नाही. पण सायकलसकट ऐंशी किलो वजन धरलं, तर ताशी पंधराच्या वेगाने तो चढ चढायला तीसेक वॅट जास्त लागतात, आणि सपाटीवर त्याच वेगाला साधारण पन्नास पुरतात. म्हणजे न दिसणारा चढ निम्म्याहून जास्त भार वाढवतो, आणि मांड्यांना ते लगेच कळतं. जिथे पॅडल न मारता सायकल आपली आपण धावायला लागते, तिथून पाणी वाहत असणार हे समज. उताराच्या मागे मागे गेलास की गावाचा सगळ्यात खालचा भाग सापडेल, आणि तिथे बहुतेक वेळा नदी, नाला किंवा बुजलेल्या ओढ्याची खूण असते. पावसाची जोरदार सर येऊन गेली की लगेच बाहेर पड. कोणता बोळ पाण्याची वाट आहे हे त्या वेळी न विचारता दिसतं. भिंतीही तेव्हा बोलतात: दगड, वीट आणि नवा गिलावा वेगवेगळ्या वेळी सुकतात, त्यामुळे कोरड्या दिवशी एकसंध वाटणाऱ्या भिंतीवर जुन्या कमानीची आकृती उमटून येते. हेच काम सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊनही करतं. दुपारी डोक्यावरच्या उन्हात यातलं फारसं काही दिसत नाही, तेव्हा घरीच बस.

या खडबडीत वाटांवर सायकल सुसह्य झाली ती हवेच्या टायरमुळे. त्याआधी चाकांवर भरीव रबर असे आणि प्रत्येक दगड थेट मणक्यात जाई. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी नळी चाकावर चढवली आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १८८५ मध्ये, इंग्लंडमधले सायकल बनवणारे जॉन केम्प स्टार्ले यांची जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आली होती. तुझ्या जिन्याखालची सायकल या दोघांच्या कामात फारसा बदल न करता बनलेली आहे. तिला कमी समजू नकोस.

आता मुख्य गोष्ट, फिरायचं कसं. नुसतं वाट फुटेल तिकडे गेलास तर आठवड्याभरात त्याच त्याच चार वाटा पायांत बसतील. मन ओळखीच्या वळणाकडे ओढतं आणि डाव्या हाताचा एक बोळ वर्षभर बघायचा राहून जातो. म्हणून थोडी शिस्त लागते, आणि ही शिस्त गणितातून आलेली आहे.

कोनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सगळं शहर फिरता येईल का, असा तिथे प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये दाखवलं की येणार नाही. कारण साधं आहे. ज्या जागी तू मध्येच येऊन पुढे जातोस, तिथे येण्याची एक आणि जाण्याची एक अशा वाटांच्या जोड्या लागतात. जिथे विषम वाटा मिळतात तिथे एक वाट उरतेच. अशी विषम जागा एकही नसेल किंवा फक्त दोन असतील, तरच एका दमात सगळं होतं. आता तुझ्या गावाचे बोळ डोळ्यांपुढे आण. एक बोळ दुसऱ्याला येऊन मिळतो तिथे तीन वाटा. बंद बोळाच्या टोकाशी एकच वाट. सगळीकडे विषमच! म्हणजे प्रत्येक बोळ बघायचा तर काही बोळांतून दोनदा जावंच लागणार. कमीत कमी किती अंतर दुबार होईल हा प्रश्न पुढे क्वान मेइ-को या चिनी गणितज्ञाने १९६० च्या सुमारास पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनसाठी मांडला, आणि गणितात तो आजही पोस्टमनच्याच नावाने ओळखला जातो.

तुला कमीत कमी अंतर कापायची घाई नाही. तुझ्यासाठी त्रेमो या फ्रेंच माणसाची रीत जास्त चांगली. ती मुळात भुलभुलैयातून वाट काढण्यासाठी होती आणि १८८२ मध्ये एद्वार ल्यूका या गणितज्ञाने ती लिहून छापली. ती अशी: नव्या नाक्यावर आलास तर न बघितलेली कुठलीही वाट धर. नवीन वाटेने जाता जाता आधी बघितलेल्या नाक्यावरच येऊन पोचलास, किंवा बोळ बंद निघाला, तर आल्या वाटेने मागे फिर. मागे येताना नाक्यावर अजून न धरलेली वाट असेल तर ती धर, नसेल तर जिथून एकदाच गेलायस ती. दोनदा झालेल्या वाटेत पुन्हा शिरू नकोस. एवढं पाळलंस की प्रत्येक बोळ बरोबर दोनदा होतो, एकदा जाताना आणि एकदा येताना, आणि शेवटी तू निघालास तिथेच परत येतोस.

गणितज्ञांना यातलं परत येणं महत्त्वाचं वाटलं असेल. मला दोन्ही दिशांनी जाणं महत्त्वाचं वाटतं. बोळ उलट दिशेने वेगळाच असतो. जाताना भिंतीच्या कोपऱ्याआड लपलेला ओटा येताना समोर येतो. चढ होता तो उतार होतो आणि नजर जमिनीवरून वर उचलली जाते. उजेड पाठीमागून येत होता तो तोंडावर येतो. एका दिशेने बघितलेला बोळ मी अर्धाच बघितला असं धरतो. आणि बंद बोळ टाळू नकोस. तिथून कुणी पुढे जात नाही, त्यामुळे तिथे फक्त तिथलीच माणसं असतात. गावात कुणी कुणाला ओळखून आहे ते खरं तिथेच दिसतं.

मोबाइलवरचा नकाशा फिरताना खिशात ठेव. याला कारण आहे. वाट ओळखण्याचं काम मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात चालतं. मेंदूचे अभ्यासक जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये तिथे विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या, आणि २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात जागेची जणू चौकट आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० मध्ये एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आणि २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना लंडनच्या सोहो भागातले रस्ते पडद्यावर दाखवून वाट काढायला लावली. स्वतः वाट ठरवणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस नव्या रस्त्यावर शिरताना, विशेषतः पुढे अनेक वाटा फुटत असतील तर, जोराने कामाला लागायचा. यंत्राने सांगितलेल्या वाटेने जाणाऱ्यांमध्ये ती वाढीव हालचालच दिसली नाही. तेव्हा चुकलास तरी चुकू दे. लहान गावात चुकून माणूस जाणार कुठे? कुठलाही बोळ दहा मिनिटांत तुला ओळखीच्या रस्त्यावर आणून सोडतो.

घरी आल्यावर मात्र कागद घे आणि आठवेल तसा नकाशा काढ. प्रमाण चुकेल, कोन चुकतील, चुकू देत. दोन बोळ कुठे मिळतात हे आठवलं नाही तर तिथे जागा रिकामी सोड. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं हे ती रिकामी जागाच सांगेल. मी हे नकाशे एकावर एक ठेवून देतो. पहिल्यात मुख्य रस्ता जाड आणि बाकी सगळं धूसर असतं. पुढे पुढे मुख्य रस्ता एक साधी रेघ होऊन जातो आणि मागची बाजू दाट होत जाते.

एक गोष्ट तुला कळकळीने सांगायची आहे. मागचा बोळ कागदावर रस्ता असेल, पण तिथल्या लोकांसाठी ते अर्धं अंगण असतं. तिथे भांडी घासली जातात, केस विंचरले जातात, आजारी माणूस खाट टाकून पडलेला असतो. अशा ठिकाणी उतरून सायकल हातात घेऊन चालावं. नजर खिडकीत नेऊ नये. कुणी "कोण पाहिजे?" विचारलं तर खरं सांगावं, नवीन आलोय, गाव बघतोय. माझा अनुभव असा की हे उत्तर ऐकून लोक खुलतात आणि अजून काय बघायला हवं ते स्वतःच सांगतात. माणसांचे फोटो न विचारता काढू नकोस, लहान मुलांचे तर नाहीच. आणि एकाच बोळात रोज त्याच वेळी घिरट्या घालू नकोस, लोकांना ते खटकतं आणि त्यांचं खटकणं रास्त आहे.

कुत्र्यांची भीती तुला लहानपणापासून आहे हे मला माहीत आहे. कुत्रं फिरत्या चाकामागे धावतं. जोरात पळवू नकोस. थांब, उतर, सायकल तुझ्या आणि त्याच्या मध्ये धर आणि शांतपणे चालत पुढे जा. बहुतेक वेळा चाक थांबलं की त्याचा रस संपतो.

सायकलचं थोडक्यात. दोन्ही ब्रेक आणि घंटी आधी बघून घे, बाकी खडखडाट चालेल. बोळात अगदी हळू वळताना पुढचा ब्रेक दाबू नकोस, हँडल वळलेलं असताना तो माणसाला पाडतो. मागचा हलकेच लावून पॅडल चालू ठेव, तोल राहतो. आंधळ्या वळणावर वळायच्या आधीच घंटी वाजव. गटारावरच्या जाळीच्या फटी तुझ्या दिशेने असतील तर चाक त्यात रुततं, तिला तिरपा ओलांड. हवा दगडासारखी कडक भरू नकोस, खडबडीत जमिनीवर थोडी कमी बरी. आणि संध्याकाळी निघणार असशील तर पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावल्याशिवाय बाहेर पडू नकोस, हे मी आग्रहाने सांगतोय.

अजून एक काम तुझ्या हातून व्हावं असं मला फार वाटतं. लहान गावांच्या मागच्या वाटा नकाशांवर बऱ्याचदा नसतातच. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा सुरू केला, त्यात कुणालाही स्वतः बघितलेला रस्ता भरता येतो. तुझ्या हाताने काढलेल्या कागदांवरून बोळ, पायऱ्या, बंद टोकं, पाण्याचा नळ हे सगळं तिथे घालता येईल. रुग्णवाहिकेला कुठपर्यंत आत जाता येतं, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कुठे पायरी आडवी येते, हे त्या बोळात न गेलेल्या कुणाला कळणार? पण लोकांच्या अंगणातून जाणारी खाजगी वाट असेल तर ती सोडून दे.

महिनाअखेर मला चार दिवसांची रजा मिळतेय आणि मी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. घरमालकांची एकच सायकल आहे, तेव्हा माझ्यासाठी एक भाड्याने किंवा कुणाकडून उसनी बघून ठेव. उंच नको, पाय टेकायला हवेत. तोवरचे तुझे नकाशे जपून ठेव, रिकाम्या जागांसकट. आणि कुठला बोळ तू मुद्दाम माझ्यासाठी न बघता ठेवलायस, ते पुढच्या पत्रात कळव.

घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र